सरकायला ठेवलेली जागा

रोज सकाळी चहा झाला की रीतामावशी गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला तळहात लावून हलकेच ढकलायची. स्टँड जरासा झुलायचा, टाकीतलं पाणी आतल्या आत डुचमळायचं आणि ते शांत होईपर्यंत ती हात काढायची नाही. एखाद्याचा ताप पाहावा तसा तो हात. मग खाली येऊन चपला घालायची आणि चंद्रपुरातल्या जटपुरा गेटजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात निघून जायची. हे कशासाठी, असं विचारलं तर म्हणायची, "सवय आहे."

मावशी जाऊन आता काही महिने झाले. ती माझ्या आईची मोठी बहीण. लोखंडी इमारतींचे सांगाडे डिझाइन करायची, म्हणजे कुठला खांब किती जाड हवा, कुठला बीम कुठे जोडायचा, कुठे किती बोल्ट लागतील, हे ठरवायची. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा कामाला शेडं मिळतात. धानाची गोदामं, जिनिंगची शेडं, मंगल कार्यालयांची छपरं. तिने ती आयुष्यभर केली. आजोबा प्राणहितेत जाळं टाकायचे, आजी अहेरीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. शाळेत मुली आपल्याजवळ बसत नसत, वास येतो म्हणायच्या, हे मावशी हसून सांगायची. पण वर्षातून एकदा तरी सांगायचीच. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली. का, तर म्हणायची, राहून गेलं.

मी तिला पाहिली ती थकलेलीच. संध्याकाळी आली की आधी पाय पाटावर ठेवून बसायची. घोट्यांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटलेले असत. कॉम्प्युटरवर केलेला हिशोब ती पुन्हा हाताने करायची. यंत्र चुकतं असं नाही, ती म्हणायची, पण यंत्राला काय सांगितलं ते माणूस विसरतो.

एका डिसेंबरात तेलंगणाच्या बाजूला हादरा बसला आणि त्याचा शेपटा सिरोंचा, अहेरी ओलांडून आमच्यापर्यंत आला. भांडी वाजली. चंद्रपुरात भांडी वाजण्याचं कोणाला नवल नाही, खाणीतले सुरुंग उडाले की ती वाजतातच. गल्लीतले लोक ब्रश तोंडात धरून बाहेर आले आणि खाणवाल्यांना दोन शिव्या देऊन पुन्हा आत गेले. मावशी मात्र ओट्यावर बसून राहिली. सुरुंग दुपारी उडवतात, सकाळी नाही, एवढंच ती म्हणाली.

अहेरीजवळ एक संस्था मुलींचं वसतिगृह बांधणार होती. तळमजला आणि वर दोन मजले, लोखंडी सांगाडा. पावसाळ्याआधी उभं करायचं तर तेच सोयीचं. काम मावशीकडे आधीपासून होतं, आराखडाही तयार होता. हादऱ्यानंतर तिने तो बाजूला ठेवला आणि नव्याने मांडला. आपल्या भागात भूकंपासाठी इतकी तरतूद करायची सक्ती नाही, असं संस्थेच्या लोकांनी तिला सांगितलं. सक्ती नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण जमीन नदीकाठची, भुसभुशीत. तळमजल्यावर भिंती कमी, सगळा मोकळा दिवाणखाना. आणि वरच्या दोन मजल्यांवर झोपलेल्या मुली. तिने हे सगळं एकदाच, न रागावता सांगितलं. मग त्या लोकांनी नवा आराखडा मान्य केला.

घर हलू नये असं आपल्याला वाटतं. मावशीचं म्हणणं असं, की मोठा हादरा आला तर घर हलणारच; तो जोर कुठे खर्च व्हावा, एवढंच आपल्या हातात असतं. खांबांत आणि जोडांत खर्च झाला तर खांब वाकतात, जोड फाटतात. म्हणून तिने काही खांबांच्या मधे फुलीसारखे तिरपे पाइप टाकले आणि प्रत्येक फुलीच्या मध्यावर एक डॅम्पर बसवला. डॅम्पर म्हणजे एकमेकींवर दाबलेल्या जाड पोलादी पट्ट्या, त्यांच्यामधे ब्रेकला असतो तसल्या मालाच्या पातळ चकत्या, आणि आरपार आवळलेले बोल्ट. बोल्टची भोकं गोल नव्हती, लांबट होती. वाऱ्यापावसात ही फुली घट्ट उभी राहणार. मोठा हादरा आला तरच पट्ट्या एकमेकींवर घासत त्या लांबट भोकांत थोड्या सरकणार, हादऱ्याचा जोर तिथे घासून तापून संपणार आणि खांब वाचणार.

किती जोराला सरकावं, हे ठरवण्यात तिचा सगळा हिवाळा गेला. लवकर सरकलं तर वावटळीतही घर करकरेल. उशिरा सरकलं तर त्याआधीच खांब वाकतील. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने डॅम्पर बनवले, नागपूरच्या एका कॉलेजात त्यातल्या दोनांना मशीनवर ओढून पाहिलं. त्या दिवशी मावशी नागपूरहून आली ती संत्री घेऊन. ती काही आणत नसे, म्हणून लक्षात राहिलं.

उन्हाळ्यात सांगाडा उभा राहिला. मावशी त्या महिन्यांत फारशी जाऊ शकली नाही. गुडघे धरले होते, डॉक्टरने जिने आणि एसटी दोन्ही बंद सांगितलं होतं, आणि अहेरीच्या वाटेवर आष्टीपासून पुढचा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी असा केला होता की धडधाकट माणूसही आलापल्लीला उतरताना कंबर धरायचा. ठेकेदार आदेश फोनवर फोटो पाठवायचा. तरुण होता, कामसू होता. फोटोत सगळं स्वच्छ दिसायचं. फुल्यांना निळा रंग दिला होता.

जूनच्या सुरुवातीला, वसतिगृह सुरू व्हायला तीन आठवडे असताना, मावशी शेवटची पाहणी करायला निघाली. तिने सही दिल्याशिवाय संस्थेला मुलींना आत घेता येणार नव्हतं. मी एम.ए.ची परीक्षा देऊन रिकामी होते, तिची पिशवी धरायला सोबत गेले.

तळमजल्यावर पहिल्याच फुलीपाशी ती थांबली. बोटाने रंग खरवडला. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पुढच्या फुलीकडे गेली. तिथून वरच्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती आणि तिचा चेहरा दिसत नव्हता.

डॅम्परच्या कडा सगळीकडून वेल्डिंग करून बंद केल्या होत्या. पट्टीला पट्टी जोडून टाकली होती. लांबट भोकंसुद्धा भरली होती. सरकायला ठेवलेली जागाच उरली नव्हती.

वेल्डर नथ्थू हा बल्लारपूरकडचा, पन्नाशीतला माणूस, भुवया वेल्डिंगच्या ठिणग्यांनी विरळ झालेल्या. त्याला बोलावलं तेव्हा तो शाबासकी घ्यायला आल्यासारखा आला. रंगाखालचा जोड सापडला म्हणजे बाईंची नजर पक्की, असं आदेशला म्हणालाही.

"हे कोनं सांगतलं तुमाले, नथ्थूभाऊ?" मावशीने विचारलं.

"कोनीच नाई. मीच केलं." तो जवळ आला आणि आवाज बारीक केला. "बाई, वर्कशॉपवाल्यानं भोकं लांब पाडले होते. सगळेच्या सगळे. बोल्ट आतमधी खेळते. मले वाटलं ड्रॉइंगमधीच गडबड झाली असन. कोनी पाह्यलं असतं तं तुमचं नाव गेलं असतं. म्हनून गपचूप बंद करून टाकले. आदेशभाऊले बी नाई सांगतलं."

मावशी रागावेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने फक्त विटांच्या ढिगावर बसून घेतलं आणि पाणी मागितलं. ड्रॉइंगवर सूचना होती, इंग्रजीत, कोपऱ्यात. इतके दिवस ती स्वतः इथे उभी असती तर सूचना वाचायची वेळच आली नसती, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

आदेशला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो उलट हुरळला. वेल्डिंगने घर जास्तच मजबूत झालं, कमी कुठे झालं, असं त्याचं म्हणणं. आणि भूकंप इथे येऊन येऊन किती येणार.

वसतिगृहाची अधीक्षक खुशबू अहेरीचीच, बी.ए. झालेली, गावोगाव फिरून मुलींच्या नावांची नोंद करणारी. ती हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. आदेश गेल्यावर ती मावशीजवळ येऊन बसली. भामरागडकडून, एटापल्लीकडून, सिरोंच्याकडून मुली येणार होत्या. कित्येक आईबाप आधी नाही म्हणत होते, तिने चार-चारदा जाऊन वळवले होते. काहींच्या घरी ती गोंडीत बोलली, काहींच्या घरी तोडक्यामोडक्या तेलुगूत.

"मॅडम, तारीख पुढं गेली तं पोरी धानाच्या रोवन्याले लागते," ती म्हणाली. "आनि पोरगी एकदा घरी थांबली की मंग ते थांबतेच. मले बिल्डिंगचं नाई समजत. पन हे समजते."

मावशीने मान हलवली.

आम्ही त्या दिवशी अहेरीत मावशीच्या मामेभावाकडे उतरलो. जेवण होण्याआधीच तिने लॅपटॉप उघडला. सगळे डॅम्पर वेल्डिंगने जाम झालेत, असं धरून तिने पुन्हा हिशोब मांडला. मला तेव्हा समजलं नाही, नंतर समजलं: ती चूक शोधत नव्हती, वाट शोधत होती. घर कसं तरी हिशोबात बसावं आणि आपल्याला सही करून घरी जाता यावं. बहुतेक खांब बसले. जाम फुल्या जास्त जोर ओढून घेत होत्या, तरी बसले. तळमजल्याचे कोपऱ्यातले खांब आणि त्यांच्या बुडाचे बोल्ट मात्र बसेनात. थोडक्यात बसत नव्हते. इतकं थोडक्यात, की आकडा जरा गोल केला असता तर बसले असते, आणि तो कोणी कधी तपासलाही नसता.

ती पडद्याकडे बघत बसली. मामी ताट वाढून दोनदा हाक मारून गेली. मग मावशी म्हणाली, "मी लय थकली व," आणि लॅपटॉप बंद करून जेवायला उठली. आकडा होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुशबूला आवारातल्या जेवणघराकडे नेलं. ते वेगळं, एकमजली, टिनाच्या हलक्या छपराचं शेड होतं. मुली ठरल्या तारखेला येऊ द्या, ती म्हणाली, पण काही आठवडे इथे झोपतील. मोठ्या घराच्या फुल्या मी मोकळ्या करून देते, मग सही करते.

खुशबू छपराकडे बघत म्हणाली, "पावसाळ्यात टिनाखाली? रातभर ढोल वाजल्यावानी होईन. मायबाप मले बोलतीन, हेच दाखवाले आनलं काय म्हनून."

"बोलू दे. माह्यं नाव सांगजा."

"तुमाले कोन ओळखते, मॅडम? मलेच ओळखते ते."

मावशी जेवणघराच्या खांबाला टेकून उभी राहिली. मग खुशबूनेच विचारलं, छपराखाली ताडपत्री बांधली तर आवाज कमी होईल काय. होईल, मावशी म्हणाली, आणि दोघी जणी ताडपत्री कुठे मिळेल ते बोलू लागल्या.

आदेशला नथ्थूला काढून टाकायचं होतं. मावशीने ते होऊ दिलं नाही. दया वगैरे नव्हती. कुठल्या फुलीत वेल्डिंग किती खोल गेलंय हे त्यालाच माहीत होतं, दुसरा माणूस अंदाजाने कापून पट्ट्याच खराब करून बसला असता. पण नथ्थू कापायला तयार नव्हता. आपलं वेल्डिंग आपण कापायचं, हे त्याच्या हातून होईना. तो ग्राइंडर घेऊन नुसता उभा राहायचा.

तेव्हा मावशीने त्याला समजावायचा प्रयत्न केला. म्हणाली, धारेत जाळं ताणून बांधलं तर फाटते, ढील द्यावी लागते, माझे बाबा सांगत.

"मी का ढीवर आहो, बाई?" नथ्थू म्हणाला. "मी तं मासे बी नाई खात. माळकरी आहो."

मावशी हसली. त्या सगळ्या दिवसांत ती हसलेली मी एवढंच पाहिलं. मग तिने त्याची मोटरसायकल मागवली. आवाराच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत उतार आहे. त्याला सांगितलं, चारपाच वेळा जोरात खाली जा आणि ब्रेक मारून थांब. नथ्थू बुचकळ्यात पडला, पण गेला. गवंडी काम सोडून पाहायला आले, कोणी तरी त्याला मॅडम लायसन देऊन राह्यली काय म्हणून ओरडलं. तो परत आला तेव्हा मावशी मागच्या चाकापाशी वाकली.

"हात लावून पाहा. जपून."

त्याने चाकाच्या मधल्या ड्रमला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"गाडी एवढी धावत होती," मावशी म्हणाली. "ते धावनं कुठी गेलं? इथीच गेलं ना, गरम होऊन? आता हे ब्रेक तुमी वेल्डिंग करून पक्कं केलं तं?"

"चाक जाम होईन."

"मंग?"

"गाडी पडन," नथ्थू म्हणाला. "आनि मी बी."

त्याने दुपारी पहिली फुली कापायला घेतली. गॅसने कापलं असतं तर लवकर झालं असतं, पण आतल्या चकत्या जळाल्या असत्या; म्हणून ग्राइंडरनेच, कडेकडेने, थोडं थोडं. ज्या चकत्या वेल्डिंगच्या तावाने आधीच भाजल्या होत्या त्या वर्कशॉपकडून नव्या मागवाव्या लागल्या. काही पट्ट्याही बदलाव्या लागल्या. मग बोल्ट पुन्हा आवळायचे, तेही अंदाजाने नाही. ठरलेला जोर आला की टक वाजणारा पाना मावशीने चंद्रपूरहून मागवला होता. आम्ही अहेरीतच राहिलो होतो, प्रत्येक टक ती स्वतः ऐकायची. खुर्ची घेऊन फुलीजवळ बसायची, डोळे मिटलेले. तिला झोप लागली असं वाटायचं, पण टक वाजला नाही की डोळे उघडायचे.

मुली आल्या तेव्हा तळमजल्यावरच्या फुल्याही पुऱ्या झाल्या नव्हत्या. पाऊस त्याच आठवड्यात धरला. टिनाखाली ताडपत्री होती तरी आवाज होताच. तीन मुली पहिल्याच रविवारी परत गेल्या. खुशबू त्यांच्यामागे जाऊन दोघींना घेऊन आली, तिसरी आली नाही. खुशबूने हे मावशीला येऊन सांगितलं, दोष दिला नाही, नुसतं सांगितलं, आणि मावशी त्या दिवशी दुपारचं जेवली नाही. मी तिला म्हटलं, तू तुझ्यापरीने बरोबर तेच केलंस. ती म्हणाली, तिसऱ्या पोरीचं गाव कोणतं ते विचारून ठेव. पुढे त्या गावाला जाणं मात्र झालं नाही.

काम पोळ्याच्या आधी संपलं. मावशीने प्रत्येक मजला पुन्हा पाहिला, खाली आली आणि आदेशच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. नथ्थू हात धुऊन बाजूला उभा होता. त्याने विचारलं, हे कधी सरकन काय खरंच? मावशी म्हणाली, नाही सरकलं तर चांगलंच आहे. त्याला ते पटलं नाही. एवढं केलं तर एकदा तरी सरकताना दिसावं, असं तो म्हणत होता.

मुली वर राहायला गेल्या. मावशी चंद्रपूरला परत आली ती पुन्हा फारशी ऑफिसात गेली नाही. दमलीय, म्हणायची. आम्हालाही ते दमणंच वाटलं. ती तर नेहमीच दमलेली असायची.

भाद्रपदात झड लागली होती. अशाच एका संध्याकाळी खुशबूचा फोन आला. मावशी पाय पाटावर ठेवून बसली होती, फोन मीच तिच्या कानाशी धरला, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकू आलं. खुशबू वैतागली होती. कपडे वाळत नाहीत म्हणून मुलींनी खोल्यांमधल्या निळ्या फुल्यांवर ओढण्या, फ्रॉक, चादरी, सगळं वाळत घालायला सुरुवात केली होती. सांगून ऐकत नाहीत. त्याने डॅम्परचं काही बिघडणार तर नाही, नाही तर ती सगळ्यांना ओळीत उभं करून दम देणार होती.

मावशी त्यानंतर जेवली, औषध घेतलं आणि झोपली. सकाळी उठली नाही. जेवताना ती काही बोलली असेल, भात वाढ किंवा दिवा बंद कर, पण ते मला आठवत नाही. फोनवरचं आठवतं.

"वाळू दे व," ती म्हणाली. "बोल्टावर तेवढं ओलं नको ठेवा म्हना. जंग लागते."